शेजारच्या वहीत पाहणाऱ्या पोराबद्दल: नागपुरातल्या वर्गशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या दुसरी ते पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या सर्व मॅडम आणि सर,
तसेच त्यांचे मुख्याध्यापक,

सप्रेम नमस्कार.

पूर्व नागपुरात एका समाजभवनाच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. महानगरपालिकेच्या शाळेतली मुलं येतात, अनुदानित शाळेतली येतात आणि आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात त्या गल्लीबोळातल्या शाळांतलीही येतात. त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत, पण तुमची लाल शाई ओळखते. पहिलं सत्र संपून वह्या घरी आल्या की त्यांत एक शेरा हमखास सापडतो. ‘पाहून लिहिले.’ कुठे ‘कॉपी केली’, कुठे नुसतीच दोन प्रश्नचिन्हं, आणि खाली पालकांच्या सहीसाठी रेघ.

शेरा बहुतेक वेळा खरा असतो, हे आधीच कबूल करते. पोरानं पाहूनच लिहिलेलं असतं. चाळीस पोरांच्या वर्गातही तुमच्या नजरेतून ते सुटत नाही, याचं मला कौतुकच आहे. माझी तक्रार शेऱ्याबद्दल नाही, त्याच्यानंतर काहीच होत नाही याबद्दल आहे. वही घरी जाते, बाप सही करतो, कधी सहीसोबत दोन धपाटे देतो, आणि पुढच्या धड्याला पोरगा पुन्हा शेजारच्या वहीत पाहतो. फरक एवढाच की आता जरा जपून पाहतो.

तिसरीतला एक मुलगा घ्या. त्याला गुड्डू म्हणू, खरं नाव वेगळं आहे. त्याच्या गणिताच्या वहीत ४३ − १७ चं उत्तर २६ होतं, ६२ − ३८ चं २४ आणि ८१ − ४५ चं ३६. सगळं बरोबर, आणि पानाच्या तळाशी तो शेरा. मी त्याला कोऱ्या कागदावर तीच तीन गणितं दिली आणि शेजारी कोणाला बसू दिलं नाही. बराच वेळ पेन्सिल चावून झाल्यावर त्यानं उत्तरं लिहिली: ३४, ३६ आणि ४४.

ही उत्तरं तुम्ही एकदा नीट पाहा. चुकलेली आहेत, पण अंदाजपंचे नाहीत. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. वर तीन, खाली सात. सातातून तीन गेले, राहिले चार. हेच तो तिन्ही गणितांत न चुकता करत गेलाय. म्हणजे त्याला एकक-दशकाची मांडणी येते, एका अंकाची वजाबाकी पक्की येते, अडलंय ते फक्त हातच्यापाशी. माचिसच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून त्याच्यापुढे ठेवले. चार गठ्ठे, तीन सुट्या काड्या. यातून सतरा दे, म्हटलं. त्यानं एक गठ्ठा उचलून दिला, सुट्या तीन दिल्या आणि मग हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “रबर काढू का जी?” काढ ना बाप्पा, त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप! रबर निघालं तसा हातचा त्याच्या हातात आला. कागदावर उतरायला आणखी काही संध्याकाळी लागल्या, पण दिवाळीच्या आधी उतरला.

आता विचार करा. गुड्डूनं पाहून लिहिलं नसतं तर ३४, ३६, ४४ ही उत्तरं तुमच्या टेबलावर आली असती. तिसरीला शिकवणाऱ्या कोणत्याही मॅडमला ती पाहून मिनिटभरात कळलं असतं की हे पोट्टं हातच्यापाशी अडलंय. त्यानं शेजारणीची बरोबर उत्तरं घेतली आणि स्वतःची चूक तुमच्यापासून लपवली. पाहून लिहिण्यातलं मोठं नुकसान मला तरी हे वाटतं. प्रामाणिकपणाचे धडे मागाहूनही देता येतील, पण चूक तुमच्यापर्यंत पोचलीच नाही तर तुम्ही तरी काय दुरुस्त करणार?

आणि तो लपवतो काहून? त्याचा हिशेब साधा आहे. चुकीचं लिहिलं तर फुली मिळते आणि मागचे पोट्टे हसतात. कोरं सोडलं तर उभं राहावं लागतं. पाहून लिहिलं तर दहापैकी नऊ वेळा टिक मिळते आणि एखाद्या वेळी शेरा. आठ वर्षांच्या पोरानं या तिन्हींतून तिसरं निवडलं तर ते शहाणपणच म्हणायचं. त्याची निवड बदलायची असेल तर आधी हे भाव बदलावे लागतील. कोरी जागा सोडणं स्वस्त झालं पाहिजे, आणि चुकीचं उत्तर त्याहून स्वस्त.

यातला एक उपाय मी माझ्याकडे करते, वर्गातही चालावा. जे येत नाही त्या गणितापुढे समासात पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. ठिपक्याला रागावणं नाही, उभं करणं नाही. शेवटी वही चाळली की कोणाचे ठिपके कुठे पडलेत ते दिसतं. पाच जणांचे एकाच गणितावर असतील तर ते गणित फळ्यावर पुन्हा घ्यायचं. सुरुवातीला काही चलाख मंडळी सगळीकडेच ठिपके देऊन मोकळी होतात. त्यांना सांगायचं की ठिपक्याच्या आधी जेवढं येतं तेवढं लिहायचं, नुसती मांडणी केली तरी चालेल. सोबत एक वाक्य सगळ्यांना पाठ करून द्यायचं: “मला इथपर्यंत येते, पुढचं समजलं नाही.” मदत मागणं हेसुद्धा शिकवावंच लागतं. पुष्कळ पोरांना कुठे अडलं तेच सांगता येत नाही, म्हणून ती शेजारी पाहतात.

आता जरा कडू बोलते. पाहून लिहायला पोरांना शिकवलं कोणी? धडा संपतो. प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात, किंवा गाईडमधून वाचून दाखवली जातात. “उतरवून घ्या, अक्षर सुंदर काढा.” चाळीस वह्यांत एकच उत्तर, शब्द न शब्द तोच. तेच परीक्षेत यायचं, तसंच्या तसं लिहिलं तर पूर्ण गुण. प्रकल्पाची चित्रं झेरॉक्सच्या दुकानातून येतात आणि घरचा अभ्यास व्हॉट्सॲपवर आयांच्या गटात फिरून पूर्ण होतो. वर्षभर हे चालवल्यावर एखाद्या पोरानं फळ्याऐवजी शेजारणीच्या वहीतून उतरवलं, तर त्याला गुन्हा नेमका कोणता झाला हे कळत नाही. “लिहिलं तर आहे ना जी,” असं मला एका चौथीतल्या पोरानं सुनावलं होतं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं चूक नव्हतं.

मुख्याध्यापकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुम्ही किंवा वरचे साहेब वर्गात येता तेव्हा पहिल्यांदा काय तपासता? वही पूर्ण आहे का. मग शिक्षक वही पूर्ण करून घेण्याच्या मागे लागतात आणि पोरं वही पूर्ण करण्याच्या. पूर्ण भरलेली वही हे शिकल्याचं प्रमाण मानलं तर वर्गातली सगळ्यात चांगली वही पाहून लिहिणाऱ्याची निघेल, कारण त्याचं काहीच चुकत नाही. पुढच्या तपासणीत एखादं पोरगं वहीसकट उभं करा आणि म्हणा, “यातलं तुला कोणतं आवडलं, वाचून दाखव.” बाकी मग तुमचं तुम्हालाच दिसेल.

वाचून दाखव, ही माझी पहिली परीक्षा असते. पाहून लिहिलेलं आहे असं वाटलं तर मी विचारत नाही कोणाचं पाहिलं. “काय लिहिलंस, वाच बरं.” धडाधड वाचलं आणि अर्थही सांगितला, तर त्याला विषय येतो, आळस असेल, नाहीतर चुकायची भीती. वाचलं पण अर्थ सांगता आला नाही, तर धडा कळलेला नाही. स्वतःच्याच हातचं वाचता आलं नाही, तर त्यानं अक्षरांची चित्रं काढलीत, आणि हा मुलगा कोणत्याही इयत्तेत बसलेला असो, त्याला वाचनाच्या पहिल्या पायरीपासून घ्यावं लागेल. तीन पोरांच्या वहीवर शेरा एकच, ‘पाहून लिहिले’, पण तिघांचं दुखणं वेगळं. याला पाच मिनिटं लागतात. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभराच्या कामावरून होणाऱ्या तपासणीच्या, तुमच्या नोंदींत ‘तोंडी काम’ आधीच आहे, तिथेच हे बसतं. नवा कागद भरायला नको.

काही वेळा तर दुखणं अभ्यासाचं नसतंच. चौथीतली एक मुलगी तारीखसुद्धा शेजारणीच्या वहीतून उतरवायची. धड्याचं नाव, पान नंबर, सगळं. तिच्या आईला शाळेतून निरोप आला होता, मुलीचं लक्ष नाही, सारखी दुसऱ्याच्या वहीत पाहते. माझ्याकडे ती मांडीवर वही घेऊन, नाक जवळजवळ कागदाला लावून लिहायची. हॉलच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधला मोठा अंक वाच म्हटलं तर डोळे बारीक केले. चष्मा लागला आणि शेजारी पाहणं तिथल्या तिथे बंद. तिला फळा दिसतच नव्हता; समोर हातभर अंतरावर जे दिसत होतं त्यातून ती शिकायचा प्रयत्न करत होती. तिचा शहाणपणा बघा आणि तिला मिळालेला शेरा बघा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत त्याचं पथक तपासणीला येतं. नजर आणि ऐकणं दोन्ही त्यात आहे. पथक येईल त्या दिवशी ‘पाहून लिहिले’वाल्या पोरांची नावं आधी काढून ठेवा. गर्दीत वरवर तपासणी होते, तुम्ही बोट दाखवलं तर डॉक्टरही नीट पाहतील. खासगी कॉन्व्हेंटमधल्या पोरांना हे मिळत नाही. त्यांच्या पालकांना मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या डोळ्यांच्या ओपीडीची वाट दाखवा. तोपर्यंत पहिल्या बाकावर बसवून आठवडाभर पाहा. पाहणं थांबलं तर अर्धं उत्तर मिळालं.

भाषेचं तर विचारूच नका. आपलं हे शहर मराठी आहे, हिंदी आहे, आणि पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये छत्तीसगढीही आहे. बांधकामावर, कारखान्यांत, बाजारात राबणाऱ्या कुटुंबांतली पोरं घरी छत्तीसगढी बोलतात, गल्लीत हिंदी, आणि घराजवळची शाळा मराठी म्हणून त्या शाळेत. तोंडी बोलायला लागली की छान बोलतात, त्यामुळे लिहिताना त्यांचं काय होतं ते आपल्या लक्षात येत नाही. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असं पुस्तक म्हणतं. याचे शब्द पुस्तकाच्या भाषेत नसतात, त्याला तो तरी काय करणार.

अशाच एका पोराचा निबंध माझ्याकडे आला होता. विषय ‘माझा आवडता सण’. ‘आमच्याकडे सर्जा आणि राजा नावाचे दोन बैल आहेत. माझे आजोबा त्यांना नदीवर नेऊन धुतात.’ हा पोरगा भाड्याच्या एका खोलीत राहतो, बाप ई-रिक्षा चालवतो. बैल होते ते वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांचे, तिकडे उमरेडकडे. शिक्षकांनी शेरा मारला आणि मार्क कापले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी त्याला विचारलं, तुझा पोळा कसा झाला, तर तो सुटलाच. मामाच्या मुलाचा लाकडी बैल उसना आणला, त्याचं एक चाक निघालेलं होतं, ते सुतळीनं बांधलं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, घरोघर फिरून बोजारा (पोरांना मिळणारा खाऊ-पैसे) गोळा केला, एका आजीनं बिस्किटाचा पुडा दिला तो त्याला पैशांपेक्षा आवडला. सकाळी मामाच्या खांद्यावर बसून इतवारीतल्या गर्दीत मारबत आणि बडग्या, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहिली. काळी मारबत आली तेव्हा घाबरलो, बडग्याचं पोट पाहून हसलो. “घेऊन जा गे मारबत!” असं त्यानं हॉलमध्ये एवढ्या जोरात ओरडून दाखवलं की शेजारची मुलं पाढे विसरली. अर्धं हिंदीत, अर्धं नागपुरी मराठीत, मधेच घरचा एखादा शब्द.

तो बोलत गेला तसं मी कागदावर लिहीत गेले. त्याचीच वाक्यं, फक्त मराठीत बसतील एवढी सारखी केलेली. मग तो कागद त्याला दिला आणि म्हटलं, आता हे पाहून लिही. लिहिलं आणि घडाघडा वाचूनही दाखवलं, कारण वाक्य पुढे कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं, ते त्याचंच होतं. ज्या पोराला शब्द सुचत नाहीत त्याच्यासाठी मला तरी याहून सोपी वाट सापडलेली नाही. पाहून लिहिल्याशिवाय त्याचं चालत नसेल, तर आधी त्याचं बोललेलं कागदावर उतरवा आणि ते पाहून लिहू द्या. पुढे दोन वाक्यं तुमची, तिसरं त्याचं. मग एक तुमचं, दोन त्याची. चाळीस जणांना हे करता येणार नाही, मान्य आहे. वर्गात अशी पोरं चाळीस नसतात, चार-पाच असतात. आणि वरच्या वर्गातला एखादा मुलगाही लेखनिक होऊ शकतो, त्याला तेवढाच मान.

सगळंच दुखणं एवढ्यानं हलणार नाही, हेही आहे. तोंडी हुशार, गोष्ट ऐकून तंतोतंत सांगणारा, पण लिहायला बसवलं की काना-मात्रा गळतात, जोडाक्षरं फुटतात, महिनोन्‌महिने मदत करूनही तेच राहतं, अशा मुलाला विशेष शिक्षकांना दाखवा. अध्ययन अक्षमता दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात मोडते आणि पुढे दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात. नुसतं पाहून लिहितो म्हणून कोणावर तो शिक्का मात्र मारू नका. निदान करणारे वेगळे असतात.

आणि काही पोरं खरंच आळशी असतात. येतं सगळं, पण खेळायला पळायचंय म्हणून शेजारचं छापायचं. त्यांच्यासाठी माझ्याकडे फार काही नाही. दोन गणितं समोर बसून करायला लावा, झालं की जाऊ द्या. किंवा गणितातच त्यांचा हजेरी क्रमांक घाला: ‘९० मधून तुझा हजेरी क्रमांक वजा कर.’ उत्तर शेजाऱ्याचं घेऊन उपयोग नाही, पद्धत पाहिली तर पाहू दे. तपासायला तुम्हालाही त्रास नाही. उत्तरात क्रमांक मिळवला की ९० आले पाहिजेत, आणि हा पडताळा पोरं स्वतःच करतात.

पाहून लिहिलं तर सोडून द्या, असं मी मुळीच म्हणत नाहीये. तसं वाचलं असेल तर परत वाचा. पाहून लिहिलेलं पान त्याचं म्हणून धरायचं नाही, गुण द्यायचे नाहीत, आणि त्यानं ते काम पुन्हा करायचं, कमी करायचं पण स्वतः करायचं. दहा गणितांऐवजी तीन. हे त्याला बाजूला घेऊन, आवाज न चढवता सांगता येतं. “हे पान तुझं नाही, मला माहीत आहे. तुझी तीन मला पाहिजेत. कुठे अडलं तर मी इथेच आहे.” एवढं पुरतं. वही उंच धरून वर्गाला दाखवणं, फळ्यावर नाव लिहिणं, ‘कॉपीबहाद्दर’ म्हणणं, हे नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तसं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. कलम १७ प्रशिक्षणात घोकून घेतात, २४ वर फारसं कोणी बोलत नाही.

“मॅडम, हा माझं पाहून राहिला!” ही आरोळी दिवसातून कितीदा तरी येत असेल. तेव्हा आरडाओरडा करणाऱ्या मुलीकडेही थोडं पाहा. वर्गातल्या एकदोन जणींच्या वह्या म्हणजे सार्वजनिक नळ झालेला असतो. नाही म्हटलं तर मैत्री तुटते, दाखवलं तर “तू दाखवलं कायले?” म्हणून तीच बोलणी खाते. माझ्याकडे अशी एक होती, हुशार आणि भिडस्त, वहीवर हाताची कमान करून लिहायची आणि मान दुखते म्हणायची. तिला मी सांगितलं, उत्तर दाखवायचं नाही, ‘पहिल्यांदा काय करायचं’ एवढंच सांगायचं. तिलाही सुटल्यासारखं झालं. वर्गात ‘मिळून करायची वेळ’ आणि ‘एकट्यानं करायची वेळ’ अशा दोन वेगळ्या जाहीर केल्यात, तर बरेच तंटे उभेच राहणार नाहीत. गटकार्यात पाहा, विचारा, भांडा. मग वह्या झाका आणि एक गणित एकट्यानं. सात-आठ वर्षांच्या पोराला हा फरक आपोआप कळत नाही. मघाशी पाहायला सांगत होते, आता काहून रागावून राहिले, एवढंच त्याला दिसतं.

पालकांकडे निरोप पाठवतानाही जरा जपून. ‘आपला पाल्य कॉपी करतो’ हे वाक्य ज्या घरात जातं तिथे रात्री काय होतं ते मी सकाळी नाही तरी संध्याकाळी पाहते. गालावर बोटं उमटलेली असतात. दिवसभर चार घरचा स्वयंपाक करून आलेली आई, तिला शाळेतून आलेला कागद म्हणजे बेइज्जती वाटते. तिला कामाचं काही सांगा. ‘हातच्याची वजाबाकी अडते आहे, घरी रोज माचिसच्या काड्या घेऊन दोन गणितं करू द्या, सांगू नका, नुसतं शेजारी बसा.’ शिकलेली नसली तरी शेजारी बसणं तिला जमतं.

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या विभागात कॉपीमुक्त अभियान गाजतं. भरारी पथकं, बैठी पथकं, कॅमेरे, १९८२ च्या गैरप्रकार प्रतिबंध कायद्याचे इशारे. दहावी-बारावीला ते लागत असेल. पण खिशात चिठ्ठी घेऊन केंद्रावर आलेलं ते पोरगं कधीतरी तिसरीत तुमच्यासारख्याच कोणाच्या वर्गात होतं, आणि त्याचा हातचा राहून गेला होता. आता तर पाचवीलाच वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर पुन्हा पाचवीतच. चार वर्षं शेजारच्या वहीवर निभावलेल्या मुलाला पाचवीत एकट्यानं बसवायचं आणि मग त्याला तिथेच ठेवायचं, हे मला तरी पटत नाही. निदान कोणाला काय येत नाही हे तिसरीत कळलेलं असावं.

तुमच्यावर किती कामं लादलेली असतात ते मी जाणते. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात दोन वर्ग एकत्र बसवलेले. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकांना बाकी अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई करतं, तरी व्हायचं ते होतंच. त्याबद्दल भांडायचं असेल तर आम्ही अभ्यासवर्गवाले आणि पालक तुमच्या बाजूनं उभे राहू, खरंच सांगते. मुख्याध्यापकांनो, तुम्ही एवढं करा: आठवड्यातून एक तास वर्गशिक्षकाला मोकळा द्या, बाकीच्या पोरांना तेवढा वेळ तुम्ही सांभाळा, आणि त्या तासात शेरेवाली चार-पाच पोरं एकेक करून शिक्षकाजवळ बसू द्या. वाचून दाखव, करून दाखव, कुठे अडलं. त्या तासाला वही पूर्ण करायची नाही.

दुसरं सत्र सुरू झालंय. माझ्याकडच्या ज्या मुलांच्या वहीवर तुमचा तो शेरा आहे, त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी पेन्सिलीनं लिहून पाठवते आहे, त्याला काय येतं आणि तो नेमका कुठे अडतो. गुड्डूच्या पानावर लिहिलंय की दोन अंकी हातचा आता येतो, पण ३०२ मधून १५८ काढताना मधल्या शून्यापाशी गाडी थांबते. पान वाचा, पटलं नाही तर खोडून तुमचं लिहा. वही संध्याकाळी माझ्याकडे येतेच.

आपली,
पूर्व नागपुरातल्या एका अभ्यासवर्गाची ताई